मधली भिंत

परवा नातीच्या कॉन्व्हेंटात ओल्या चुन्याचा वास आला आणि कन्नड मुलखातल्या आमच्या मेहकरची ती भिंत आठवली. अलीकडे आमची मराठी साळा, पलीकडे कन्नड शाले. थोरल्या अक्काला अप्पांनी तिकडं घातलं, मला इकडं. म्हणायचे, "थोरलीला कन्नड नोकरीसाठी, धाकटीला मराठी सोयरिकीसाठी." पाढे सुरू झाले की अक्का पलीकडून भिंत वाजवायची, मी अलीकडून.

एकदा ती तापानं घरीच राहिली. तरी दुपारी भिंत वाजली. मीही हरखून वाजवली. तेवढ्यात अप्पा दारात आले. "चल बाई घरी. अक्का गेली."

"आजी, भिंतीला कान लावून कामून बसलीस?" परवा कॉन्व्हेंटात नातीनं विचारलं. तिकडून वाजलं, तर इकडून कुणीतरी वाजवायला पाहिजे.