मागच्या दोन टायरांविषयी

इरा, कबीर — हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नाही, आणि ते गेले. नंदूकाकाला सांगितलं नाही; तो तर रोज समोर असतो. आठ वर्षं झाली. तशी मी नीटनेटकी बाई — विजेची बिलंसुद्धा महिन्यांप्रमाणे लावून ठेवते. ही एक गोष्ट मात्र कुठेच लावली नाही.

इरा, तुझा शाळेतला निबंध बाबाने मला पाठवला. छान लिहिलायस. त्यात एक वाक्य आहे — निपाणीच्या एका लोभी टायरवाल्याने माझ्या काकाला फसवलं. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. तेरा वर्षांच्या मुलीला हे कोणी शिकवलं? तुझ्या बाबाने. आणि त्याला?

त्या टायरवाल्याचं नाव शिवाप्पा. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. हायवेला दुकान होतं, आणि बेळगाव-कोल्हापूरकडचे हौशी गाडीवाले मुद्दाम त्याच्याकडे जायचे. नंदूने ती परदेशी गाडी घेतली, तेव्हा तोही त्याच्याकडेच जाऊ लागला. पिवळी, बुटकी गाडी. साडेचारशे घोड्यांची ताकद, आणि ती सगळी मागच्या दोन चाकांवर. त्यामुळे मागची टायरं लवकर झिजायची. त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर झिजली. नंदू आपल्या कारखान्याच्या कामासाठी कोइमतूरला होता. फोनवर म्हणाला, "आई, तू ड्रायव्हरला घेऊन जा. शिवाप्पा सांगतील ती घाल. तुझं डोकं चालवू नको."

मी चालवलं. तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेली बाई मी. दोन दिवस इंटरनेटवर टायरांविषयी वाचलं, वहीत टिपणं काढली. मऊ रबराचं, रुंद, जवळजवळ गुळगुळीत असं एक टायर होतं. रस्त्यावरच्या पकडीत त्याला सगळ्यात वर ठेवलं होतं. नेमकी तीच जोडी शिवाप्पाकडे पडून होती. कुणीतरी मागवली आणि नेलीच नाही.

शिवाप्पाने माझी वही पाहिली आणि हसला. "आक्का, तुमी इंग्लिश शिकवलंय, मी पंक्चर काढल्यात. ही गाडी पाठीमागनं ढकलती. पाठीमागच्या टायरला पाणी कापाय खाचा पायजेत. ह्ये टायर सुक्यात लई भारी, वल्ल्यात निस्ता साबण. पंधरा दिवस थांबा, पुण्यास्नं खाचांचं मागवतो."

पंधरा दिवस — आणि खंडेनवमी चार दिवसांवर. कारखान्याच्या दारात गाड्या ओळीने उभ्या राहणार, हार, चाकाखाली लिंबू, सगळे पाहुणे. पिवळी गाडी झिजलेल्या टायरांवर उभी करायची? मला ते चालण्यासारखं नव्हतं. खरं सांगते, तेवढंच कारण होतं. मी म्हटलं, हीच घाला.

त्याने घातली. पैसे घेताना पुन्हा म्हणाला, "नंदूदादास्नी सांगा आक्का, परतीचा पाऊस अजून हाय. वल्ल्या रस्त्यावर गाडी काढू नगा म्हणावं." मी म्हटलं, सांगते.

तुम्हाला वाटेल, विसरले. तसं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. नंदू आला, वाकून टायरांवर हात फिरवला, म्हणाला, "हीच सांगितली त्यांनी?" मी म्हटलं — हो. आता हो म्हटल्यावर पावसाचं कसं सांगायचं? सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग घातली कशाला? मुलासमोर एवढं एक उत्तर द्यायचं टाळलं मी. पूजा झाली. गाडी सुंदर दिसत होती. सगळे म्हणत होते.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी नंदू कोल्हापूरला निघाला. बेळगावात ऊन होतं. काकतीच्या पुढे आभाळ आलं असेल, मला घरातून काय दिसणार? तवंदी घाटाच्या उतारावर पाऊस होता. गाडीचा मागचा भाग सुटला, गाडी फिरली आणि बाजूच्या दगडावर आदळली. नंदू वाचला. कमरेखाली काही उरलं नाही. तुम्ही त्याला व्हिडिओवर नेहमी बसलेलाच पाहता.

आणखी आहे. मला वाटलं होतं इथपर्यंत लिहिलं की मन हलकं होईल — होत नाही.

महिन्याभराने आजोबा कारखान्यातली सात-आठ माणसं घेऊन निपाणीला गेले. मलाही नेलं, कारण टायरं मी आणली होती. भर दुपारी, रस्त्यावर माणसं जमलेली. आजोबांनी शिवाप्पाला विचारलं, पडून असलेला माल माझ्या मुलाच्या गळ्यात का मारलास? तो माझ्याकडे वळला. हात तेलकट होते, तसेच जोडले. "आक्का, मी तुमास्नी सांगितलं हुतं का न्हाय? तुमीच सांगा."

मी म्हटलं, "नाही. तुम्ही काही बोलला नाहीत."

शाळेत बोलायचे तशा स्पष्ट आवाजात म्हटलं. कुणालाही शंका आली नाही. त्यालासुद्धा दोन क्षण वाटलं असावं की आपणच बोललो नसू — तसा बघत राहिला. मग म्हणाला, "बरं." कुणी त्याला मारलं नाही. फक्त गाडीवाले यायचे थांबले. वर्षभरात दुकान उठलं. तो संकेश्वरकडे कुठेतरी ट्रकवर असतो, असं ऐकलं. मी चौकशी केली नाही. करता आली असती.

काल दुपारी इथपर्यंतचं हे सगळं मी नंदूला वाचून दाखवलं. पानं खाली ठेवली. त्याने एवढंच विचारलं, "शिवाप्पांच्या दुकानाच्या जागी आता काय आहे गं?"

म्हटलं, मोबाइलचं दुकान.

त्याने खुर्ची भिंतीकडे वळवली. आज सकाळी चहा नेला, तेव्हाही ती तशीच होती.