मधल्या वर्गातली
काल गुडघ्याला उंडीचं तेल चोळताना त्याचा कडवट, उग्र वास नाकात गेला आणि तारकर्लीतली ती पहिली सकाळ आठवली. सावंतवाडीची नोकरी संपवून मी नुकतीच इथे राहायला आले होते, ओळखीचं कुणी नव्हतं. देवळाच्या फळ्यावर 'योग : मधला वर्ग, सकाळी सहा' असं वाचलं आणि नवीकोरी चटई घेऊन गेले. सभामंडपाची फरशी गार होती, माडांमागून समुद्राची गाज येत होती. शिकवणाऱ्या निवृत्त मास्तरांनी विचारलं, "पहिला वर्ग कुठे केलात?" मी म्हटलं, "पहिला कशाला? मी बावन्न वर्षांची. ना तरुण, ना म्हातारी. मधलीच की!" अख्खा मंडप हसला. माझे कान तापले. मी चटई गुंडाळायला लागले, तर शेजारच्या मासे विकणाऱ्या बाईने चटईचं टोक पायाखाली दाबून धरलं. "खंय चललंस गो? बस हंय. माका पण तसाच वाटला होता." मास्तरही हसू दाबत म्हणाले, "बसा, बसा. मधला म्हणजे शिकण्यातला हो, वयाचा नव्हे." त्या दिवशी मला निम्मी आसनंसुद्धा जमली नाहीत, गुडघा तेवढा कुरकुरत राहिला. वर्ग सुटल्यावर त्याच बाईने पिशवीतून उंडीच्या तेलाची बाटली काढली आणि मासळीचा वास मुरलेल्या हातांनी माझा गुडघा चोळून दिला. कागदोपत्री मी आता ज्येष्ठ नागरिक आहे. सकाळी सहाला मात्र अजून मधलीच.