बीपीवाले सर

दिवसाला पंचवीस-तीस दंडांना पट्टा गुंडाळायचा आणि एकाचंही बीपी मोजायचं नाही, असा नेम पाळणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच झाला आणि तो आमच्या वाशिम जिल्ह्याच्या वाट्याला आला. सगळा दवाखाना त्यांना 'बीपीवाले सर' म्हणायचा. खरं म्हणजे ते मानसशास्त्रज्ञ. पाय मोडला, किडनी गेली, हृदयाचा झटका आला, की माणसाच्या अंगाकडे बघायला डॉक्टर असतात. पण त्या दुखण्यापायी आतून जे खचतं त्याच्याकडे कोणी बघायचं, म्हणून एका ट्रस्टच्या दवाखान्याने त्यांना नेमलं होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी भाबडेपणाने प्रत्येक खाटेजवळ जाऊन स्वतःची खरी ओळख करून दिली. अर्ध्या वॉर्डाने डोक्यावरून पांघरुणं ओढून घेतली. कमरेचं हाड मोडलेल्या एका म्हाताऱ्याने तर त्यांना सरळ हात जोडले. "बापा, माह्यं कंबरेचं हाड मोडलं, डोस्कं साबूत हाय. तू चुकीच्या खाटेवर आला." दुसऱ्या सोमवारी सर भंगारात निघालेलं बीपीचं यंत्र काखेत मारून आले. त्याचा रबरी फुगा फाटलेला होता. पण पट्टा बरा होता, आणि दंडाला पट्टा गुंडाळणाऱ्या माणसाला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. पट्टा गुंडाळला की माणूस आपोआप गप्प पडून राहतो आणि थोड्या वेळाने आपोआप बोलायलाही लागतो. सर आकडा कधीच सांगत नसत. कोणी विचारलाच तर म्हणत, "आकड्याचं सिस्टर पाह्यतात. तुमी सांगा, काल पोराशी काहून भांडले?"

त्यांचं एकूण वागणंच डॉक्टर लोकांच्या पंगतीत न बसणारं. खुर्ची दिली तर तिच्यावर पिशवी ठेवायचे आणि स्वतः खाली, नातेवाइकांनी अंथरलेल्या सतरंजीवर मांडी घालून बसायचे. त्यामुळे खाटेवरचा रोगी वर आणि सर खाली असा देखावा व्हायचा, आणि राउंडला आलेले मोठे डॉक्टर त्यांना रोग्याचा भाऊ समजून "बाहेर व्हा" म्हणायचे. सर खरोखर बाहेर व्हायचे. सतरंजीवर बसायचं म्हणून चपला काढायचे आणि उठताना समोर असतील त्या घालून चालू लागायचे. एकदा एका आजीबाईची निळी, फुलांची चप्पल घालून ते एसटीने थेट मंगरूळपीरला घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी ती परत करताना त्या बाईने केलेला उद्धार त्यांनी इतक्या आनंदाने ऐकून घेतला, की मला वाटतं तो त्यांच्या उपचाराचाच भाग असावा. आणखी एक खोड म्हणजे 'घाबरू नका' हे शब्द त्यांना वर्ज्य होते. ऑपरेशनला निघालेल्या माणसाला सगळे धीर देत असताना हे म्हणायचे, "भ्या ना जी. पोटावर सुरी चालणार हाय, भेव नाई वाटीन तं काय वाटीन?" आणि तो माणूस आश्चर्याने त्यांच्याकडे बघत, जरा हलका होऊन आत जायचा.

अनसिंगकडच्या एका म्हातारीने कॅन्सरचं कळल्यापासून अन्न सोडलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, लेकाने पाय धरले, सुनेने रडून पाहिलं. सर दुपारी तिच्या खाटेशी बसले, स्वतःचा डबा उघडला, पहिल्या घासालाच तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "मावशी, माह्या घरची अंबाडीची भाजी रोज अशीच होते. काय चुकून राह्यलं, जरा सांगता का?" म्हातारीने आधी नुसता वास घेतला. मग बोट लावून चाखलं. मग उठून बसली. "कण्या नाई टाकल्या इच्यात! अन् तेल काय औषधावानी टाकलं का?" असं म्हणत तिने सरांच्या बायकोच्या हाताखालून गेलेल्या यच्चयावत भाज्यांचा पंचनामा केला, आणि कसं नसावं हे दाखवता दाखवता अर्धी भाकरी संपवली. पुढचे आठ दिवस सर रोज मुद्दाम बिघडवलेली भाजी आणत. घरी त्यांची काय अवस्था झाली असेल ते देव जाणे.

आता माझं सांगतो. मी शाळेचा निवृत्त हेडमास्तर. तीस-बत्तीस वर्षं पोरांना 'खरं बोला' म्हणून छड्या मारल्या. साखरेच्या आजाराने माझ्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला, आणि अंगठ्यावरून दुखणं इतकं वर सरकलं की गुडघ्याखाली पाय काढावा लागला. ऑपरेशन नीट झालं. जखम भरू लागली. आणि चौथ्या दिवशी त्या नसलेल्या पायाचा नसलेला अंगठा ठणकायला लागला. नुसता ठणकत नव्हता, वळत होता, जळत होता. चादर उचलून बघावं तर तिथे काही नाही. मी हे कोणाला सांगू? मला पक्कं वाटलं, पायाबरोबर आपली अक्कलही कापून नेली. बायकोलाही बोललो नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो आणि एकच विचार करायचो, की आपण आता उठूच नये.

सर आले, पट्टा गुंडाळला, खाली बसले. तीन दिवस मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. तेही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं. मला वाटलं, हे आता हसतील किंवा कोणाला तरी हाक मारतील. त्यांनी फक्त विचारलं, "कोणतं बोट? अंगठाच का शेजारचं बी?" इतक्या गांभीर्याने, की जणू तो अंगठा दोघांच्याही समोर होता. मग त्यांनी समजावलं, की पाय गेल्याची बातमी मेंदूला पटलेली नसते, तो जुन्या पत्त्यावर निरोप पाठवतच राहतो. हे वेड नव्हे, पाय गेलेल्या कितीतरी लोकांना होतं. मी हेडमास्तर असून त्या माणसासमोर ओक्साबोक्शी रडलो. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यासमोरच्या सलूनमधला लांब आरसा मागून घेऊन आले. तो माझ्या दोन पायांच्या मध्ये उभा धरला, म्हणजे डाव्या पायाची छबी उजव्याच्या जागी दिसायची. "आता डावा अंगठा हळू सोडा, मास्तर. उजवा बी सुटतो का पाहा." मी बघत राहिलो, आणि आरशातला अंगठा जसा सैल झाला तसा आतला पीळही थोडा सुटला. पहिल्या दिवशी थोडाच. पण रोज अर्धा तास असं पंधरा दिवस केल्यावर मी झोपू लागलो, जेवू लागलो, बायकोवर ओरडू लागलो. मी उठलो तो त्या माणसामुळे. याच्यात काही शंका नाही, तेव्हाही नव्हती.

एवढं होऊन मी त्यांना काय म्हणालो असेन? म्हणालो, "सर, तुमच्या वहीत माझं नाव येता कामा नये." माझ्या मुलीचं लग्न शिरपूरला ठरलेलं होतं. मुलीच्या बापावर डोक्याचे उपचार चालू आहेत, असं तिकडे कळलं असतं तर? सर म्हणाले, "नाई लिहत. तुमच्या जागी झाडाचं नाव लिहतो. चालीन का बाभूळ?" मी काटेरी झाडाबद्दल थोडी कुरकूर केली, पण चालवून घेतलं.

सरांची नेमणूक दोन वर्षांपुरती होती आणि पुढे त्यांना ठेवायचं की नाही हे ट्रस्टची मंडळी येऊन ठरवणार होती. ती आली त्याच दुपारी नेमके माझे होणारे व्याही मला बघायला आले होते. उंचपुरा, भारदस्त, पांढऱ्या मिशांचा शेतकरी माणूस. खाटेशेजारच्या स्टुलावर ताठ बसलेला. तेवढ्यात ट्रस्टचे एक म्हातारे गृहस्थ सरांची वही हातात घेऊन आमच्या वॉर्डात शिरले. मागे सर, काखेत यंत्र. वहीत निम्म्याहून जास्त झाडं होती. कडुनिंब, पळस, हिवर, आवळा, बाभूळ. "अहो, हा दवाखाना आहे की वनखातं?" गृहस्थ म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, की नाव सांगायला माणसं लाजतात, पण आराम पडलेला आहे, कोणालाही विचारा. गृहस्थांनी वॉर्डभर नजर फिरवली आणि त्यातल्या त्यात शिकलेला, चष्म्यातला माणूस म्हणून माझ्याकडे आले.

"गुरुजी, तुम्ही सांगा. यांनी तुमच्यावर मनाचे काही उपचार केले का?"

सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या बघण्यात विनवणी नव्हती. नेहमीसारखे, खाली सतरंजीवर बसून बघतात तसे बघत होते. एक 'हो' म्हणायचं होतं. व्याही स्टुलावर अवघडून चुळबुळले.

"छे छे," मी म्हणालो. "मनाचं कशाला? मला काय धाड भरली? हे बीपी पाहतात."

"बीपी तर सिस्टरही पाहतात," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. सरांनी लोंबकळणारा पट्टा नीट गुंडाळून खिशात ठेवला आणि ते त्यांच्यामागून निघून गेले. लाज ही काय चीज असते ते मी पोरांना पुष्कळ वेळा शिकवलं होतं; मला ती त्या दुपारी कळली. आणि त्याहून वाईट म्हणजे सर दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी आरसा घेऊन आले. माझा अर्धा तास त्यांनी पुरा केला. एका शब्दाने त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. मीही केला नाही. महिनाअखेर त्यांची जागा बंद झाली. वॉर्डातल्या लोकांनी त्यांना निरोपाचा चहा दिला, तेव्हा मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो.

लग्न झालं. नातू झाला. नकली पायावर मी गावभर हिंडू लागलो. याला दोन वर्षं लोटली. परवा लेकीकडे शिरपूरला गेलो असताना व्याह्यांनी शेजारची हकीकत सांगितली. सोयाबीन काढताना शेजारच्या माणसाचा हात मळणीयंत्रात गेला होता. आता तो त्याच ट्रस्टच्या दवाखान्यात पडून होता, कोणाशी बोलत नव्हता, पोरांना जवळ येऊ देत नव्हता. व्याही चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "मास्तर, आज ते बीपीवाले सर असते ना, तं..."

तिथे मात्र माझा बांध फुटला. मी त्यांना सगळं सांगितलं. अंगठा, आरसा, रडणं, वही, आणि त्यांच्यासमोर बोललेलं ते खोटं. मान वर न करता सांगितलं. संपल्यावर वाटलं, आता हे उठून जातील.

व्याह्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "इवाईबुवा, तुमी कोनाच्या भेवानं खोटं बोलले? माह्या?"

"हो."

"अन् मी तुमच्या भेवानं गप्प बसलो." ते म्हणाले. "लग्नाच्या आदल्या साली मले हार्टचा झटका आला नव्हता का? घरी आल्यावर एकट्यानं वावरात जायाची हिंमत नव्हती राह्यली. बांधावर गेलो का छाती धडधड करे. सात महिने त्यायच्याजवळ जात होतो मी. त्यायनं मले वावरात पाठवलं. त्या दिवशी त्यायले पाह्यलं, तवाच उठून सांगाले पायजे होतं. पण म्हटलं, पोरीचा बाप काय म्हणीन, पोराचा बाप असा भेदरट?"

म्हणजे त्या दुपारी तो माणूस आपल्याच दोन रोग्यांच्या मध्ये उभा होता. एक खोटं बोलत होता, दुसरा बोलतच नव्हता, आणि दोघांनाही तो ओळखत होता. त्याने बोट जरी दाखवलं असतं तरी त्याची नोकरी राहिली असती.

लेकीकडून नंबर शोधवून आम्ही त्यांना फोन लावला. ते आता दोन जिल्हे सोडून कुठल्याशा दवाखान्यात असतात. मी माफी मागितली. मला वाटलं, हे आता हसून 'जाऊ द्या मास्तर' म्हणतील. ते हसले नाहीत. मग म्हणाले, "त्या दिवशी तुमी 'हो' म्हटलं असतं ना मास्तर, तं लय बरं वाटलं असतं मले." आणि पुढे म्हणाले, "तवा तुमच्यानं होत नव्हतं, हे मले मालूम होतं. पण बरं वाटलं असतं." त्यांनी तेवढंच बोलून विषय संपवला, आणि हात गेलेल्या माणसाबद्दल दहा प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले, "माह्यानं तिथं येणं होत नाई. त्याच्याशी रोज फोनवर बोलतो मी, पण आधी त्यानं फोन घेतला पायजे. तुमी जाऊन बसता का त्याच्याजवळ?"

मी जाऊन बसतो. पहिल्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला त्यांच्यासारखं काही येत नाही, मांडी घालून खाली बसताही येत नाही. मी आपला पाय काढून त्याच्या खाटेला टेकवून ठेवला आणि गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने वळून त्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी डॉक्टर हाय का?"

"नाही," मी म्हणालो, "मी पेशंट."

"कोनाचे?"

भोवती खाटा भरलेल्या होत्या. ओळखीची दोन-चार माणसंही होती. मी सरांचं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरी घ्यायचो तेवढ्या खणखणीत आवाजात. सांगताना माझी मान खाली गेली ती गेलीच, पण नाव पुरतं सांगून झालं.