मोठ्या इंजिनाची थरथर

गरम ऑइलचा वास आला की ते शोरूम आठवतं. इंद्रपुरीतल्या घरून बाबांना मुद्दाम घेऊन गेलो होतो. त्यांचा जन्म कारखान्यात टर्बाइनपाशी गेला होता आणि कानही तिथेच गेले होते. समोर दोन सारख्याच स्पोर्ट्स कार होत्या, एक लहान इंजिनाची, एक मोठ्या. मला लहान हवी होती. हलकी, वळणावर चपळ. सेल्समनही म्हणाला, "अंकलजी, छोटावाला ही बढ़िया है." बाबांनी दोन्ही गाड्या सुरू करायला लावल्या आणि कारखान्यातल्या सवयीने बॉनेटवर तळहात टेकून डोळे मिटले. मोठीपाशी बराच वेळ थांबले. "मोठी घे रे," म्हणाले, "ही मला ऐकू येतेय." मोठीच घेतली. आता बाबा नाहीत. सिग्नलला थांबलो की हात शेजारच्या रिकाम्या सीटवर जातो. ती थरथरत असते.