शिवकांताच्या सराईत मुक्काम

"निजामाच्या राज्यात, एकटी बाईमाणूस, आणि तेही हॉटेलात राहायला?" दादानं विचारलं तेव्हा मी वळकटी बांधत होते. मी म्हटलं, हो. मी शिकवते त्या शाळेला नाताळची सुटी होती, हॉटेल माझ्या मैत्रिणीचं होतं आणि तिच्या सासरच्या एकाही माणसानं त्याचा उंबरा ओलांडला नव्हता. मग मी तर जायलाच हवं होतं.

शिवकांता आणि मी पुण्याला मुलींच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचो. पुढे तिचं लग्न मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्याशी झालं. नवरा लवकर गेला. सासरच्या लिंगायत मंडळींनी तिला देवघराशेजारची खोली नेमून दिली आणि आयुष्य तिथंच काढावं असं सुचवलं. तिनं गावाबाहेरची पडीक दगडी सराई हर्रासात बोली लावून घेतली आणि तिथं मुंबईच्या तोडीचं हॉटेल काढलं.

वाटेची माहिती सांगते, म्हणजे जाणाऱ्यांना उपयोग होईल. नगरहून मनमाड, तिथं निजामाची गाडी धरायची. हद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, शिपाई सामान तपासतात. नवंकोरं कापड नेऊ नका, फार प्रश्न विचारतात. माझी वळकटी दोनदा सोडायला लावली. आपले रुपये निजामाच्या हाली नाण्यात मनमाडलाच बदलून घ्या, नाहीतर पुढं मिळेल तो भाव निमूट घ्यावा लागतो. बायकांच्या डब्यात जालन्यापर्यंत मी उभीच होते, नंतर ऐसपैस झोपले. मानवत रोडला उतरून गावात जायला टांगा मिळतो, पण हंगामात कापसाच्या गाड्या रस्ता अडवतात. तेव्हा घाई असेल तर घरीच राहावं.

"सराईत उतरनार का बाई?" टांगेवाल्यानं विचारलं. "माझा बाप तितं फुकट झोपायचा. आता मी निसता बगून येतो. पर झाक केलीय."

खरोखर झाक केली होती. काळ्या दगडाच्या कमानींना तिनं हात लावलेला नव्हता. जिथं पूर्वी गाडीवाले घोंगड्या अंथरून पडत, तिथं आता सागवानी दारांच्या खोल्या होत्या. आत रंगीत फरशी, स्प्रिंगचा पलंग, आरसा आणि नळाला गरम पाणी. विजेसाठी मागं डायनामो धडधडत होता. त्याच्याच पलीकडचं पटांगण तिनं गाडीवाल्यांना मोकळं ठेवलं होतं, अजूनही फुकट.

"आलीस का गं? लय वाट बगायला लावलीस," म्हणत शिवकांतानं मला थेट जेवायलाच बसवलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि येसराची आमटी. टेबल एकच, लांबलचक. सोवळंओवळं पाळणाऱ्यानं इथं येऊ नये, हे मी आधीच सांगून ठेवते.

टेबलावर मुंबईचे एक कापूस खरेदीदार होते. समोर झरीचे निवृत्तीबाप्पा आणि त्यांची बायको धुरपतामावशी, साधे शेतकरी. बाप्पा वर्षानुवर्षं बाजाराला आले की याच सराईत गाडीखाली झोपत आलेले. यंदा कापूस चांगला गेला, म्हणून पूर्ण भाडं भरून त्यांनी बायकोसाठी खोली घेतली होती. "हिला येकदा पलंगावर निजवायचं हाय," ते मला म्हणाले. मावशी लाजून ताटाकडं बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तहसील कचेरीतला पेशकार दोन शिपाई घेऊन आला.

"हैदराबादचे नवाबसाहेब शिकारीला यायलेत. सांजेच्या आत समद्या खोल्या खाली करा."

"दोन खोल्या रिकाम्या हायत. त्या देते," शिवकांता म्हणाली.

"दोन न्हाई. समद्या." त्याचं लक्ष ओसरीवर केस वाळवत बसलेल्या मावशींकडं गेलं. "आधी हिला काढा. असल्या हॉटेलात गाडीवाले कशाला ठिवता?"

मावशी उठल्या, पदर सारखा केला आणि सामान ओसरीवर आणून गाठोडं बांधू लागल्या. बाप्पा मान खाली घालून उभे. शिवकांतानं ते गाठोडं मावशींच्या हातातून घेतलं आणि परत खोलीत नेऊन ठेवलं.

"मावशी, तुमी भाडं दिलंय. बसा."

"परवाना कुनी दिलाय, ठाव हाय नं?" पेशकारानं विचारलं.

"ठाव हाय. मुसाफिरांसाठी दिलाय. नवाबसाहेब मुसाफिर, ह्ये बी मुसाफिर. मी कुनालाच उठवनार न्हाई."

खरेदीदारांनी मुकाट्यानं बॅग भरली आणि ते निघून गेले. मी खुर्ची ओढून मावशींजवळ बसले.

दिवस कलताना दोन मोटारी आल्या. नवाब खाली उतरले नाहीत. शिवकांता स्वतः मोटारीजवळ गेली आणि उर्दूत म्हणाली, "तीन कमरे खाली हैं हुजूर, गरम पानी भी है."

"और बाकी?"

"बाकी में मेहमान हैं."

काच वर गेली. मोटारी वळल्या आणि परभणीच्या रस्त्याला लागल्या. पेशकारानं जाताना हॉटेलची पाटी वहीत उतरवून घेतली, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"आता काय व्हईल गं पोरी?" मावशींनी विचारलं.

"व्हईल ते व्हईल. जेवून घ्या," शिवकांता म्हणाली. आमटी वाढताना थोडी टेबलावर सांडली. ती तिनं पुसली आणि पुन्हा वाढली.

सकाळी मावशी म्हणाल्या, "गादी लय मऊ. पडते का काय म्हनून जागीच व्हते." पण खोलीतून निघताना त्यांनी पलंगावरून एकदा हात फिरवला. मग बैलगाडीत बसल्या.

घरी आल्याला आता दोन महिने झाले. दादाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हट्टानं बुडेल ती." तसं व्हायची लक्षणं आहेतही. सरकारी अंमलदारांनी तिथं उतरू नये असा हुकूम निघाला, आणि त्यांच्या धाकानं व्यापारीही फिरकेनासे झाले. चुलत सासऱ्यांनी निरोप धाडला, माफी मागून ये, आम्ही मध्यस्थी करतो. तिनं उलट निरोप दिला की, माफी कशाची ते आधी सांगा.

मला मऊ गादी आठवत नाही, गरम पाणीही आठवत नाही. आठवतं ते गाठोडं परत खोलीत नेणारी शिवकांता. वर्गात एखादी मुलगी कुणा बड्या घरच्या मुलीसाठी उगाच जागा सोडून उठली की मी आता तिला बस म्हणते.

मानवतला जायचं तुमच्या मनात असेल तर आत्ताच जा. खोल्या रिकाम्या आहेत. जागा नक्की मिळेल, आणि एकदा मिळाली की कुणी उठवणार नाही.