गॅरेजमधला डावा स्पीकर

माझ्या थोरल्या दिरांची जीप जव्हार ते मोखाडा प्रवासी वाहतूक करायची. ते नाशिकला राहायला गेले तेव्हा जीपही गेली, आणि आमच्या घराला लागून असलेलं तिचं गॅरेज रिकामं झालं. वर पत्रा, तीन बाजूंना विटांच्या भिंती, जमिनीवर ऑइलचे काळे डाग. मला तिथे सरपण ठेवायचं होतं आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायचे होते. आमच्या यांना तिथे टेप ऐकायची होती.

हे मोखाड्याला सरकारी कचेरीत कारकून होते, मी जव्हारच्या शाळेत शिक्षिका. मुलगी दहावीला, त्यामुळे घरात मोठ्यानं काही लावायची सोय नव्हती. त्या उन्हाळ्यात यांनी गॅरेजच्या भिंतींना गोणपाट ठोकलं, पत्र्याखाली थर्माकोल लावला, दिरांकडून नाशिकचा एक अ‍ॅम्प्लिफायर आणि कॅसेट डेक मागवला. स्पीकर तेवढे पावसाळ्यानंतर घ्यायचं ठरलं, कारण आमच्याकडचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की समोरच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

"जागा अरुंद आहे. मोठे खोके नकोत, बुकशेल्फ स्पीकर घेऊ," हे म्हणाले.

"म्हणजे कसले?"

"पुस्तकांच्या फळीवर बसतील एवढे."

फळी यांनी आधीच ठोकून ठेवली होती.

यांचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. कचेरीत खोटे दाखले आणि खोट्या सह्या बघून बघून तो स्वभावच झाला होता. बाजारातून नारळ आणायचा तरी पाच-सहा नारळ कानाशी हलवून बघायचे आणि मग दुसऱ्या दुकानात जायचे. तेव्हा स्पीकर घेताना काय होणार याची मला कल्पना होतीच.

बाजारपेठेत एक विजेच्या सामानाचं दुकान होतं. मालक लग्नाकार्यांना लाउडस्पीकरही भाड्यानं द्यायचे. त्यांनी यांच्यासाठी ठाण्याहून एक जोड मागवला. दसरा झाला होता, मीही बरोबर गेले. यांनी दोन्ही स्पीकर एकेका हातात उचलून वजनाचा अंदाज घेतला. बोटाच्या पेरानं लाकडावर टकटक केली. जाळी काढून आतल्या पडद्यावर हलकेच बोट दाबलं.

"मागची पाटी उघडून दाखवा," हे म्हणाले.

"साहेब, सीलबंद माल आहे. कंपनीचे स्क्रू हात," मालक म्हणाले.

"आत वजनाला दगड घालतात, ऐकलंय मी."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून त्यांना वाटलं असावं मी मध्ये बोलेन. मी पंख्यांच्या किमती वाचत उभी राहिले. शेवटी त्यांनी पाटी उघडली. आत कापूस, वायरी आणि लोहचुंबक. दगड नव्हता.

"वाजवून बघा घरी. नाही पटला तर परत आणा," मालक म्हणाले. तेच चुकलं त्यांचं.

यांच्याकडे एक कॅसेट होती, स्वतः भरलेली. काही वर्षांपूर्वी मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर भात कापून झाल्यावर तारपा नाच होता. हे कामानिमित्त तिथे मुक्कामाला होते. दोन माइक असलेला टू-इन-वन त्यांनी अंगणाच्या कडेला ठेवला होता. मधोमध दुधी भोपळ्याचा तारपा फुंकणारा, त्याच्याभोवती हात गुंफून नाचणाऱ्यांचं कडं, आणि सगळ्यांत पुढच्याच्या हातात घुंगरांची काठी. चांगल्या स्पीकरवर ती काठी उजवीकडून निघून डावीकडे जाते आणि परत येते, असं हे म्हणायचे. दिरांकडे नाशिकला यांनी ती एकदा तशी ऐकली होती. दुसऱ्या कुठल्या गाण्यावर यांनी स्पीकर पारखलाच नसता.

यांनी खुर्ची मधोमध ठेवली, कॅसेट लावली, डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले.

"डावा बोंबलला."

"वाजतोय की."

"वाजतोय, पण मेल्यासारखा. काठी मधपर्यंत येते आणि हरवते. पुढे सगळं कांबळ्याखालून आल्यासारखं."

मी खुर्चीत बसून पाहिलं. मला काठी डावीकडे जाताना ऐकू आली. तसं सांगितलं.

"तुला वाटायचंच तसं. त्याची पोर तुझ्या वर्गात आहे," हे म्हणाले.

मला राग आला. पण त्या दिवसांत मी यांच्याशी वाद घालत नव्हते, त्याला कारण होतं. पावसाळा संपता संपता यांचं वागणं बदललं होतं. मी स्वयंपाक करता करता काही विचारलं तर उत्तर द्यायचे नाहीत. कधी चारचौघांत हाक मारली तरी सरळ पुढे निघून जायचे. यांच्याबरोबर जीपनं मोखाड्याला जाणारे एक शिक्षक मला म्हणाले, "साहेब हल्ली पुढच्या खिडकीशीच बसायचं म्हणून अडून बसतात. कोणाशी बोलतही नाहीत." मोखाड्याला काहीतरी घडलंय आणि हे माझ्यापासून लपवताहेत, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. संध्याकाळी यांच्या शर्टाचे खिसे मी धुवायच्या नावाखाली तपासायचे. जीपची तिकिटं आणि तंबाखूचा चुरा, याखेरीज काही मिळालं नाही. तरी संशय काही जाईना.

पहिला जोड परत गेला. दुसरा आला. तोही डावीकडे तसाच.

"त्यानं तोच जोड दुसऱ्या खोक्यात घालून दिलाय," हे म्हणाले. परत करण्याआधी यांनी माझी नेलपॉलिश घेऊन दोन्ही स्पीकरच्या बुडाला ठिपका दिला. तिसरा जोड आला तेव्हा पहिल्यांदा बूड पाहिलं. ठिपका नव्हता. हे जरा निराशच झाले.

तिसऱ्याचीही तीच गत. मग यांनी डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवला. आता इतका वेळ चांगला असलेला मेल्यासारखा वाजू लागला, आणि मेलेला जिवंत झाला. वायरी उलटसुलट करून पाहिल्या. काही केलं तरी डावीकडचा तो मेलेला. स्पीकर सुटले, अ‍ॅम्प्लिफायर सुटला, आता संशय भिंतीवर गेला. डावी भिंत आमची आणि शेजाऱ्यांची सामाईक होती, पलीकडे त्यांचा गोठा. "त्यांनी पलीकडून भिंत पोखरलीय, आवाज तिकडे जिरतोय," असं म्हणत हे शेजाऱ्यांच्या गोठ्यात जाऊन भिंतीवर टकटक करून आले. शेजारीण मला विचारू लागली, "बाई, साहेब आमच्या जागेची मोजणी करताहेत का?" त्यांच्या मनात वेगळाच संशय. ती माणसं पुढे महिनाभर आमच्याशी धड बोलली नाहीत.

एका रविवारी सकाळी दुकानाचे मालक स्वतःच आले. आपल्या मालाची बदनामी होतेय हे त्यांच्या कानावर गेलं होतं. यांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि कॅसेट लावली. मी चहा घेऊन दारात उभी होते.

"दोन्ही सारखे हात, साहेब," मालक म्हणाले.

"नीट ऐका. काठी कुठे जाते?"

"या अंगाला येते, त्या अंगाला जाते."

"त्या अंगाला जातच नाही!"

"जाते साहेब. आता पण गेली."

"दिवसभर भोंगे वाजवून तुमचे कान गेलेत," हे म्हणाले. "बहिऱ्याला काय विचारायचं?"

मालक उठले. चहाला हात लावला नाही. "जोड राहू दे, नाहीतर पाठवून द्या. पण मी आता दुसरा आणणार नाय," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

हे रागानं खुर्चीत बसले, तेही पाठमोरे, स्पीकरकडे पाठ आणि दाराकडे तोंड. कॅसेट चालूच होती. मी कप उचलायला आत आले तर यांनी एकदम हात वर केला.

"थांब. ऐक. आता वाजतोय."

"कोणता?"

"तोच, भिंतीकडचा. काठी तिकडे चाललीय, स्पष्ट. आणि चांगला होता तो मेला."

मी पाहिलं. भिंतीकडचा स्पीकर आता यांच्या उजव्या हाताला होता. मी म्हटलं, "अहो, तुम्ही उलटे बसलाय."

यांनी उजव्या कानात बोट घातलं. गॅरेजमध्ये तारपा घुमत होता, घुंगरं वाजत होती, माणसं पाय आपटत होती, आणि यांच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं. मी यांचं नाव घेत नाही, कधीच घेतलं नाही. तेव्हा घेतलं, मोठ्यानं. यांनी वळून पाहिलं नाही.

बोट काढल्यावर एवढंच म्हणाले, "बंद कर ते."

त्या क्षणी मला स्वयंपाकघरातली न मिळालेली उत्तरं, जीपची डावीकडची खिडकी, सगळं एकामागून एक उलगडलं. जिवाला थंडावा वाटला आणि लगेच मी डॉक्टरांकडे जायचं काढलं. यांना मात्र अजून पटलं नव्हतं. जव्हारच्या डॉक्टरांनी मळ काढून थेंब दिले, तेव्हा थेंबांची बाटली जुनी आहे का ते तारीख वाचून पाहिलं. मग दिरांनी नाशिकला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तिथे काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून मी बघत होते. उजव्या कानाच्या वेळी यांचं बोट सारखं हलत होतं. डाव्याच्या वेळी ते बटणावर नुसतं टेकून राहिलं.

बाहेर आल्यावर यांनी डॉक्टरांना विचारलं, "मशिनची डावी वायर तपासलीय का?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हेडफोन उलटा लावून परत तपासणी केली. मग विचारलं, "मधे कधी ताप आला होता? कानात शिट्टी वाजायची?"

भाद्रपदात यांना ताप आला होता. शिट्टीही वाजायची, हे समजायचे जीपच्या इंजिनाचा आवाज डोक्यात बसलाय. डॉक्टर म्हणाले, ताप कधीकधी कानाची नस धरतो. पहिल्या आठवड्यात आला असतात तर काही करता आलं असतं. आता उजवा जपायचा.

एसटीनं परत येताना मी यांच्या उजवीकडे बसले. तेव्हापासून तीच माझी जागा झाली. नाशिक सोडल्यावर हे म्हणाले, "मला वाटलं, सगळे मिळून मला फसवताहेत."

"आणि मला वाटलं, तुम्ही मला फसवताय," मी म्हटलं. खिशांचं सांगितलं. हे बराच वेळ हसले. मग खिडकीकडे तोंड केलं आणि त्र्यंबक मागे पडेपर्यंत तसेच बसले.

स्पीकर आम्ही ठेवून घेतले. हे दुकानात जाऊन म्हणाले, "तुमचा जोड चांगला आहे. ठेवतो."

मालकांनी यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "का? आता काय सापडलं?"

"काही नाही. चांगला आहे."

"साहेब, काय असेल ते सरळ सांगा. तक्रार केलीत का कुठे?"

यांनी कितीही सांगितलं तरी त्यांना खरं वाटेना. दुसऱ्या रविवारी ते पुन्हा घरी आले, स्पीकरचे स्क्रू कोणी उघडून आतलं काही बदललं नाही ना हे बघायला. यांनी तेव्हा फळी काढून उजव्या भिंतीला लावली होती. दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी होते आणि खुर्ची त्यांना आडवी.

"असे कसे लावले? असा लावत नाय कोणी," मालक म्हणाले.

घराबाहेरच्या कुणाला यांनी तोवर सांगितलं नव्हतं. त्या दिवशी यांनी डाव्या कानावर हात ठेवला आणि म्हणाले, "हा गेलाय. स्पीकर नव्हता बिघडला."

मालक थोडा वेळ यांच्या तोंडाकडे बघत राहिले, हीसुद्धा एखादी खेळी आहे का म्हणून. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते खुर्चीच्या कडेला टेकले. मी कॅसेट लावली. काठी आता कुठे जात नव्हती, सगळा नाच एकाच बाजूनं येत होता, पण हे डोळे मिटून पायानं ठेका धरून बसले होते.

मालकांनी हळूच एका कानात बोट घातलं, ऐकलं. मग ते काढून दुसऱ्या कानात घातलं.

"दोन्ही चालू हात बहुतेक," ते मला म्हणाले, आणि या वेळी चहा घेतला.