बुजवलेल्या दारातली बाई

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. कॉलेजात असताना कुणाच्या अंगात येतं असं कळलं, की मुद्दाम तिथे जाऊन वाद घालायचो. या फोरमवरही लोकांचे अनुभव वाचून मी "लॉजिकल" उत्तरं देत बसायचो, जुन्या मेंबरांना आठवत असेल. आज माझी पाळी आहे… खुशाल धुऊन काढा.

2005 चा ऑक्टोबर. आम्ही तेव्हा ओहायोत, डब्लिनला राहत होतो. आई मिरजेहून पहिल्यांदाच आली होती. मॉल आणि स्टोअर्स बघून ती कंटाळली. म्हणाली, "काहीतरी जुनं दाखव रे. इथलं सगळं कालच बांधल्यासारखं दिसतंय." म्हणून एका शनिवारी मी, मंजिरी (माझी बायको) आणि आई असे तासभर ड्राइव्ह करून एक चर्च बघायला गेलो.

हे चर्च मुळात अमेरिकेतलं नाही. इंग्लंडमधल्या सॉमरसेट काउंटीतल्या एका खेड्याचं ते जुनं पॅरिश चर्च. खेडं ओस पडलं, छप्पर खचलं, तेव्हा ओहायोतल्या एका कारखानदारानं ते विकत घेतलं, दगड न् दगड सुटा करून बोटीनं आणला आणि इथे मक्याच्या शेतांच्या मधोमध चर्च परत उभं केलं. नाव देत नाही, तिथे आजही लग्नं लागतात.

गाईड म्हणजे एक रिटायर्ड आजोबा होते. त्यांनी आम्हाला आत-बाहेर सगळं हौसेनं दाखवलं. उत्तरेच्या भिंतीत बाहेरून एका छोट्या दाराची कमान दिसते, पण दार नाही… कमानीत दगड भरलेले. इंग्लंडमधल्या बऱ्याच जुन्या चर्चमध्ये हे उत्तरेचं दार असं बुजवून टाकत, असं ते म्हणाले. "आणि इथे बांधताना तर मागे काँक्रीटच ओतलंय. आतून बघाल तर सलग भिंत." ती आम्ही आतून बघितलीही.

मग आजोबांनी मुख्य दाराला कुलूप लावलं आणि समोर पार्क केलेल्या आपल्या ट्रकमध्ये सँडविच खायला बसले. आम्ही दारासमोरच्या बाकावर बसून घरून आणलेले पराठे खाल्ले. खाऊन झाल्यावर आईनं बूट काढून बाकाखाली सारले.

"आई, काय करताय?" मंजिरीनं विचारलं.

"प्रदक्षिणा घालून येते. एवढ्या लांबून देव आणलाय त्यांनी, मग तसंच जायचं?"

मी म्हटलं, "अगं, चर्च आहे ते. लोक हसतील."

"हसू देत. आपल्याला कोण ओळखतंय इथं?"

अंगावर हिरवा स्वेटर, वर शाल, मोजे घातलेली पावलं, आणि गुडघे धरत धरत चाल. एक फेरी झाली. आमच्यासमोरून हात हलवत ती दुसऱ्या फेरीला गेली आणि कोपऱ्याआड दिसेनाशी झाली.

आणि कडाड् असा आवाज आला.

वारा अजिबात नव्हता. मी धावत उत्तरेच्या बाजूला गेलो… तिथल्या म्हाताऱ्या मेपलची एक अख्खी फांदी, फांदी कसली, झाडाचा निम्मा भागच पायवाटेवर आडवा पडला होता. बरोबर त्या बुजवलेल्या दारासमोर. आणि लाकडाखालून आईच्या शालीचं टोक बाहेर आलेलं.

मी काय काय ओरडलो ते मला आठवत नाही. पानं ओरबाडून काढत होतो, फांद्या मोडत होतो, हात रक्ताळले. मंजिरी चर्चला वळसा घालून आली, तिलाही आई कुठे दिसली नाही. ती 911 या इमर्जन्सी नंबरला फोन लावत होती. लाकूड जागचं हलेना. मी पोटावर पडून खाली हात घातला. हाताला शाल लागत होती. फक्त शाल. मला रडू फुटलं, लाज कसली त्यात.

गाईड आजोबा फर्स्ट एडची पेटी आणायला चर्च उघडून आत गेले होते. तिथून त्यांची हाक आली… "सर! शी इज इन हिअर!"

आई आत होती. उत्तरेच्या भिंतीला लागून असलेल्या बाकावर, मोज्यांतले पाय वर घेऊन बसलेली. मला बघून उलट तीच घाबरली. "अरे, हात काय झाले तुझे?"

मी धावत जाऊन तिला धरलं. मंजिरीनं विचारलं, "आई, तुम्ही आत कशा आलात?"

"म्हणजे? दारातून. ती बाई उभी होती ना दारात. मला बघितलं नि दंडाला धरून असं ओढलं की शालच पडली. मला वाटलं, आता रागावते. पण तिनं इथं बसवलं आणि गेली तिकडं… कामात असावी बिचारी. हाताला सगळं पीठ."

"कुठलं दार?"

आईनं पाठीमागच्या सलग भिंतीकडे बोट दाखवलं. मग उठून तिनं त्या भिंतीवरून हात फिरवला.

स्वेटरच्या बाहीवर पांढरे डाग होते. मी म्हटलं, चुना असेल. मंजिरीनं वास घेतला आणि हळूच म्हणाली, "पीठ आहे."

आता माझं लॉजिक. मुख्य दाराला कुलूप होतं आणि आम्ही त्याच्यासमोरच बसलो होतो. चर्चला मागे आणखी एक छोटं दार आहे, त्याला आतून कडी होती, ती मी स्वतः बघितली. नंतर ती भिंत मी मुठीनं इंच इंच वाजवून बघितली. कुठेही पोकळ नाही. पीठ तपासून घ्यावं असं मनात होतं, पण घरी आल्या आल्या आईनं स्वेटर धुऊन टाकला. पुरावाही गेला.

पुढच्या शनिवारी आईच्या हट्टानं आम्ही परत गेलो. तिला त्या बाईची ओटी भरायची होती. इंडियन स्टोअरमधून नारळ आणला, मंजिरीनं कपाटातून एक खण काढला. बाबा गेल्यापासून आईनं कुणाची ओटी भरली नव्हती. लोकांपेक्षा तिला स्वतःलाच ते पटायचं नाही. म्हणून ओटी मंजिरीनं भरायची असं ठरलं होतं. पण त्या कमानीपुढे उभं राहिल्यावर आईनं ताट मागून घेतलं.

"दे इकडे. हात धरताना तिनं विचारलं का मला, कपाळाला कुंकू का नाही म्हणून?"

दगडी उंबऱ्यावर तिनं खण, नारळ, तांदूळ ठेवले. गाईड आजोबांना ओटी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी टोपी काढली. मी बाजूला उभा होतो. मला कुणाचे तरी आभार मानायचे होते, फार मानायचे होते, पण समोर दगडच होते.

आई आता मिरजेला असते. चैत्रात हळदीकुंकू करते. शेजारणी कुजबुजतात, तरी करते. आणि एक ओटी बाजूला काढून ठेवते, तिच्या "पीठवाल्या बाई"साठी.

मला आजतागायत काही उत्तर सापडलेलं नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाद न घालता वाचेन. ते उत्तर आईला मात्र सांगू नका.